उतरवून घेतलेला निरोप

सहा आकडे, आणि तेही दर पंधरा दिवसांनी नवे. स्वतःची जन्मतारीख चालणार नाही, ओळीने येणारे आकडे चालणार नाहीत, एकदा वापरलेले तर पुन्हा नाहीच नाही. मी सासूबाईंच्या पुण्यतिथीपासून सुरुवात केली. मग मुलीचा वाढदिवस, मग लग्नाची तारीख, मग घरी कधीकाळी असलेल्या लँडलाइनचा नंबर. दोन महिन्यांत माझं लक्षात राहण्यासारखं आयुष्य संपलं, आणि ते ॲप पुढचे सहा आकडे मागत समोर बसलेलंच.

मी तेव्हा जबलपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टचं काउंटर सांभाळत होते. अधारतालच्या मुख्य रस्त्यावर खाली मिठाईचं दुकान आणि वर आम्ही. जिना चढणाऱ्याला आधी खोव्याच्या जिलेबीचा वास यायचा आणि मग स्पिरिटचा. शुगर तपासायला उपाशी आलेल्या माणसांवर हा अन्यायच होता, पण मिठाईवाला आमच्याही आधीपासून तिथे होता. मीही वीस वर्षं त्या काउंटरवर काढली होती. माझं काम निरोपाचं. आतल्या खोलीत मशीनवर बसणाऱ्यांनी सांगायचं ते मी बाहेर पोचवायचं: कुणाचा रिपोर्ट झाला, कुणाचं सॅम्पल पुन्हा घ्यावं लागेल, कुणाच्या डॉक्टरांना लगेच कळवायला हवं. पूर्वी हे चिठ्ठ्यांवर चालायचं, मग फोनवर, मग सगळ्यांच्याच फोनमध्ये असतो तसल्या एका ग्रुपवर.

ग्रुपचं जे व्हायचं तेच झालं. सकाळी देवांचे फोटो, दुपारी कुणाच्या तरी भाच्याचं बारसं, आणि त्यांच्या मधोमध लोकांचे रिपोर्ट. एके दिवशी आमच्यातल्या एकाने घाईत एका लग्न न झालेल्या मुलीचा रिपोर्ट भलत्याच ग्रुपवर टाकला, आणि त्या ग्रुपमध्ये तिचा सख्खा काका निघाला. पुढचं सांगत नाही. चूक भयंकर होती आणि काहीतरी करायलाच हवं होतं, हे मलाही मान्य होतं. मालकांनी केलं. माणसांना जरा बघून बोट दाबा म्हणायच्या ऐवजी त्यांनी अख्ख्या लॅबच्या तोंडाला कुलूप लावलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

ॲप शिकवायला एक गृहस्थ पडद्यावर आले. ते बसले होते बंगळूरला आणि आम्ही अकरा माणसं इकडे एका टेबलाभोवती. दर दुसऱ्या वाक्यात ते ‘सुरक्षित’ म्हणत. एक मिनिट हात लावला नाही की ॲपला आपोआप कुलूप लागेल. आलेला निरोप चोवीस तासांत सगळ्यांच्या फोनमधून आपोआप पुसला जाईल. त्याचा फोटो निघणार नाही, तो उचलून दुसरीकडे डकवता येणार नाही, पुढे पाठवता येणार नाही. मी विचारलं, माझं सगळं कामच पुढे पाठवायचं आहे, त्याचं काय. ते म्हणाले, फार छान प्रश्न आहे. त्यानंतर त्यांचा आवाज अडकला आणि परत आला तेव्हा ते दुसऱ्याच मुद्द्यावर होते.

म्हणजे झालं असं की आतून आलेला निरोप आधी वाचायचा, डोक्यात धरून ठेवायचा, मागे यायचं, ज्याला सांगायचं त्याची खिडकी उघडायची आणि तिथे तो पहिल्यापासून टाइप करायचा. मध्येच काउंटरवर कोणी ‘दीदी, हमारा हुआ क्या’ करत आलं की तेवढ्यात कुलूप. उघडायला सहा आकडे, नाहीतर चेहरा. चेहऱ्याचं तर विचारूच नका. स्कूटीवरून आलेली मी, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, तो सोडला तर केस विस्कटलेले, चष्मा घातला तर ओळखत नाही, काढला तर मला काही दिसत नाही. घरी मुलीला दाखवलं. आमच्या घरात मी मराठीत विचारते आणि ती हिंदीत उत्तर देते, ते आता अंगवळणी पडलंय. ती म्हणाली, मम्मी, पहिल्या दिवशी फोटो घेतला तेव्हा तुम्ही हसत होता, आता तसंच हसा. त्यानंतर त्या फोनकडे बघून हसू यावं असा योग काही आला नाही.

आणि ते ‘जी’. आमच्या गावात कुठल्याही गोष्टीला आधी ‘जी’ म्हणायची पद्धत. ऐकलं तरी जी, नाही ऐकलं तरी जी, करणार असलो तरी आणि करणार नसलो तरीही. समोरासमोर ते गोड वाटतं. ॲपवर मॅनेजरनी लिहिलं की उद्या एसीवाला येणार आहे, तर खाली अकरा ‘जी’. त्या अकरांच्या ढिगाखाली कुणाचं तरी हिमोग्लोबिन. ॲपवाल्यांना हे कळलं असावं, कारण त्यांनी एक तयार बटणच देऊन टाकलं. दाबलं की ‘जी’ जातं. निरोप पूर्ण वाचायचीही गरज उरली नाही. पाठवणारा निश्चिंत, घेणारा निश्चिंत.

मी चार आठवडे तग धरला आणि मग एक वही केली.

लांबट आकाराची, दोन रेघांची, पुठ्ठ्याच्या वेष्टनाची. निरोप आला की आधी वहीत उतरवायचा, मग वहीत बघून शांतपणे टाइप करायचा, आणि पोचता केला की ओळीच्या टोकाला लाल पेनने फुली. कुलूप लागो नाहीतर अख्खं ॲप नर्मदेत बुडो, माझा निरोप माझ्या डोळ्यांपुढे. यात अडचण एकच होती. पेशंटचं नाव कागदावर लिहिलेलं सापडलं तर नोकरी जाऊ शकते, अशा कागदावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. म्हणून मी माझी स्वतःची सुरक्षा केली. वही मराठीत लिहायची, आणि तीही अशा तोडक्या मराठीत की देवनागरी येणाऱ्या कोणालाही ती वाचता यावी पण कळू नये. ‘गो. टोपीवाले, उ. पु., लिं. झाडाजवळ,’ म्हणजे गोहलपुरचे टोपीवाले, उद्या पुन्हा, लिंबाच्या झाडाजवळ. बाकी नऊ जणांना ते भुताचं लिहिणं. दहावी कळणारी होती, पण ती माझ्या बाजूची.

ती म्हणजे घरोघरी जाऊन सॅम्पल घेणारी आमची बाई. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आमच्या सासरचे लोक नागपूरकर राजांच्या चाकरीत केव्हातरी इकडे येऊन राहिलेले, तर तिचे आईवडील वर्ध्याकडून कामासाठी आलेले, म्हणजे एरवी आमचा संबंध आला नसता. पण हिंदीच्या त्या समुद्रात दोन मराठी बायका एका खोलीत सापडल्या की त्यांना चहा एकत्रच प्यावा लागतो. नवऱ्याचं गोहलपुरातलं वेल्डिंगचं दुकान दीड वर्ष बंद होतं, घर तिच्यावर चाललं होतं. सकाळी सहाला स्कूटी काढायची, गोहलपुरच्या गल्ल्यांपासून पार नर्मदेवरच्या ग्वारीघाटापर्यंत जायची, आणि अकराला थंड पेटी खांद्यावर घेऊन जिना चढायची. चहा पिताना माझी वही ओढून घ्यायची आणि विचारायची, आज किती फुल्या. फोन मात्र गाडीवर असताना ती बघत नसे, त्यावरून तिला दोनदा समज मिळाली होती. एका हाताने स्कूटी आणि एका हाताने सहा आकडे, हे कुणी करून दाखवावं, मी नमस्कार करीन.

एका गुरुवारी माझा आणि ॲपचा मोठा सामना झाला. संध्याकाळची पावणेसहाची वेळ, काउंटरवर सात माणसं, आणि ऐन वेळी माझ्या आकड्यांचे पंधरा दिवस भरले. नवे टाका म्हणालं. टाकले, तर पूर्वी वापरलेले आहेत. दुसरे टाकले, तर फार सोपे आहेत. तिसरे टाकले ते घेतले, पण पुन्हा एकदा टाका म्हणाल्यावर मला आठवेनात. वीस मिनिटांसाठी बंद. मी उठले आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन त्यांना सुनावलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुनाच गुण. ते भले गृहस्थ, आवाज कधी चढत नाही, आणि त्यानेच माझा जास्त चढतो. ते म्हणाले, दीदी, सिस्टम सबके लिए एक है. मी म्हटलं, मग सगळ्यांनी सिस्टमलाच विचारा, मला विचारू नका. परत येऊन ड्रॉवर धाडकन लावला आणि ठीक सहाला स्कूटीला किक मारली. इतकं समाधान मला वर्षभरात वाटलं नव्हतं. घरी जाऊन हा प्रसंग मी दोनदा सांगितला.

शनिवारी सकाळी एक माणूस जिना चढून आला आणि काउंटरवर न थांबता सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला. काचेतून मला त्याचे हातवारे दिसत होते. तो गेल्यावर मशीनवर बसणारे आतले गृहस्थ, मी आणि सॅम्पलवाली, अशा तिघांना बोलावणं आलं.

झालं होतं ते असं. त्याची आई ग्वारीघाटावर फुलं आणि दिवे विकते. गुरुवारी सकाळी आमच्या बाईने तिचं शुगरचं सॅम्पल आणलं, पण ते नळीत गोठलं, मशीनवर चालेना. संध्याकाळी आतल्या गृहस्थांनी म्हातारीला लॅबच्या फोनवरून कळवलं की उद्या पुन्हा घ्यावं लागेल, उपाशी राहा, आठच्या आत माणूस येईल. आणि ॲपवर काउंटरला निरोप टाकला की सॅम्पलवालीला उद्या तिकडे पाठवा. शुक्रवारी म्हातारी उपाशी बसली. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. घाटावर गिऱ्हाईक असतं म्हणून तिथेच फुलं घेऊन बसली. सवयीने सकाळची शुगरची गोळी तेवढी घेतली होती. साडेदहाला पायऱ्यांवर कोसळली. नावाड्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. आता बरी होती, पण कपाळाला चार टाके पडले होते.

मॅनेजरनी विचारलं, निरोप कुठे अडकला.

आतले गृहस्थ म्हणाले, मी पाठवला आणि काउंटरवरून ‘जी’ही आलं. मी म्हटलं, माझ्याकडे असा निरोप आलाच नाही. सॅम्पलवाली म्हणाली, मला काही मिळालं नाही. तिघांनी आपापले फोन काढले. चोवीस तास केव्हाच उलटून गेले होते, त्यामुळे तिन्ही फोन स्वच्छ. ना निरोप, ना ‘जी’, ना काही. गंगेत न्हालेले.

मग मी सुरू झाले. मी म्हटलं, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. हे ॲप निरोप खातं. उघडताना खातं, बंद होताना खातं, आणि वर चोवीस तासांत पुरावाही खातं. मॅनेजर शांतपणे म्हणाले की त्यांनी कंपनीला विचारलं, निरोप वाटेत हरवत नाही. काउंटरवरून तर वीस वर्षांत एकही निरोप राहिलेला नाही, हेही त्यांना माहीत आहे. राहिलं कोण, तर जिला फोन न बघण्यावरून दोनदा समज दिली आहे ती. त्यांच्यापुढे एक कागद टाइप होऊन पडला होता. निष्काळजीपणा, असा शब्द त्यात मला उलटा वाचता आला. ती कंत्राटावर होती. असा कागद हातात घेऊन निघालेल्या बाईला या गावात दुसरी कुठलीही लॅब दारात उभं करणार नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

ती पेटीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी होती. वाटेतूनच तिला बोलावलं होतं, पेटी उतरवून ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. तिचं ते गप्प उभं राहणं मला सहन होईना. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की ॲप खोटं आहे आणि मी ते आज सिद्ध करणार. मी म्हटलं, थांबा. माझ्याकडे पुरावा आहे. आलेला प्रत्येक निरोप मी लिहून ठेवते. गुरुवारी असा निरोप आला असता तर तो माझ्या वहीत असता.

मॅनेजर बघतच राहिले. वही आहे, हे मी माझ्या तोंडाने सांगितलं होतं, सह्या केलेल्या कागदाच्या विरुद्ध. मला त्याची पर्वा नव्हती. माझी नोकरी गेली तर गेली, पण या ॲपचं थोबाड मी आज फोडणार होते. तावातावाने बाहेर आले, ड्रॉवर उघडला, वही काढली आणि न बघताच केबिनमध्ये आणून त्यांच्या टेबलावर आपटली. गुरुवारचं पान तिथेच, सगळ्यांसमोर उघडलं.

पानावरची शेवटची ओळ. ‘घा., फु. आजी, पुन्हा, उ. पो., उद्या ८ च्या आत,’ आणि पुढे फोनचा नंबर. माझं अक्षर. माझं निळं पेन.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला आधी वाटलं ओळ दुसऱ्या कुठल्या दिवसाची असेल. मग सगळं एकदम आठवलं, अगदी काउंटरवरच्या सात माणसांसकट. निरोप आला होता. मी बटण दाबून ‘जी’ पाठवलं होतं. वहीत उतरवला होता, आणि पुढे टाइप करायला घेतला तेव्हा आकड्यांचे पंधरा दिवस भरले. वीस मिनिटं बंद झालं तेव्हा वही समोर उघडी होती. माझा स्वतःचा फोन पर्समध्ये होता. सॅम्पलवालीला एक फोन केला असता तर अर्ध्या मिनिटात काम होतं. पण नियम होता ना, की सगळं ॲपवरूनच. रोज वहीत लिहून नियम मोडणारी मी, त्या दिवशी मात्र रागाने नियम पाळला. यांना ॲप हवंय ना, जाऊ दे मग ॲपवरूनच, उद्या सकाळी बघू, असं मनात म्हणून मी ड्रॉवर लावला. सकाळी आठवलंही नाही. वहीत लिहिलं होतं ना, म्हणजे झालंच, असं कुठेतरी वाटून गेलं असणार.

मॅनेजरनी वही फिरवून स्वतःकडे घेतली. त्यांनी ते पान अक्षर अक्षर लावून पाहिलं आणि आकड्यांपलीकडे त्यांना काहीही कळलं नाही. माझी सुरक्षा पक्की निघाली. त्यांनी वही परत माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, वाचून दाखवा. या पानावर ते आहे की नाही, एवढंच सांगा.

सॅम्पलवाली माझ्या खांद्यामागून बघत होती. तिने ती ओळ माझ्याइतक्याच सहज वाचली. तिचं बोट ओळीच्या टोकापाशी गेलं. मग हळू आवाजात, मराठीत म्हणाली,

“ताई, इथं फुली काहून नाही?”

आरोपासारखं नाही म्हणाली ती. चहा पिताना विचारायची तसंच विचारलं. मला ते ओरडण्याहून वाईट वाटलं.

“क्या कह रही हैं?” मॅनेजरनी मला विचारलं.

त्या खोलीत मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. ती घाबरली आहे म्हणते, असं सांगितलं असतं. या पानावर काही नाही, असं सांगून पान उलटलं असतं, आणि वीस वर्षांच्या माझ्या नावावर त्यांनी विश्वास ठेवला असता. ॲपही खोटं ठरलं असतं, माझा हट्टही पुरा झाला असता. आणि मी हे लिहितेय तर खरंच लिहावं: एक क्षण मी पानाचा कोपरा बोटात धरलाही होता. तिने तेही पाहिलं. तरी ती बोलली नाही.

मी कोपरा सोडला.

“पूछ रही है कि यहाँ निशान क्यों नहीं है,” मी म्हटलं. “मैसेज आया था. मैंने लिखा, और आगे नहीं भेजा. इसकी कोई गलती नहीं है.”

मॅनेजरनी तो टाइप केलेला कागद उचलला, त्याची उभी घडी घातली, मग आडवी घातली आणि तो खिशात ठेवला. सॅम्पलवालीला म्हणाले, तुम्ही जा, सॅम्पल गरम होतील. आतल्या गृहस्थांनाही पाठवून दिलं. मला वाटलं आता ते मला म्हातारीबद्दल बोलतील, आणि मी ते मुकाट्याने ऐकायचं ठरवलं होतं. पण त्यांनी वहीवर बोट ठेवलं. विसर कोणालाही पडतो म्हणाले, पण कागदावर नावं उतरवणं, हे फारच गंभीर आहे. पाऊण तास ते त्या वहीवर बोलले. म्हातारीचं नाव एकदाच निघालं, तेही वहीतली नोंद म्हणून. मी ऐकून घेतलं. माझा राग त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे, एरवी मी काय काय बोलले असते.

वही कपाटात बंद झाली. मला एक पत्र मिळालं आणि माझी काउंटरवरून मागच्या खोलीत बदली झाली, रिकाम्या नळ्यांवर चिठ्ठ्या डकवायला. माझ्या जागी जी आली तिनेही महिनाभरात एक वही केली, हे मला टेबलाच्या कडेवरच्या लाल पेनच्या डागांवरून कळलं. मी कोणाला सांगितलं नाही.

सॅम्पलवाली आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. अकराला यायची, पेटी ठेवायची, चहा घेऊन बाहेर जिन्यात उभी राहायची. मी एकदा तिच्यामागे जिन्यात गेले आणि माफी मागितली, तर म्हणाली, माझी मागून काय करून राहिल्या तुम्ही. एवढंच. नवव्या दिवशी रविवार होता. सकाळी घराखाली स्कूटीचा हॉर्न वाजला. मी गॅलरीत आले तर ती, डोक्यावर हेल्मेट तसंच.

“चला,” ती म्हणाली. “घाटावर जाऊन येऊ.”

मी तिच्या मागे बसले. सगळं शहर ओलांडून आम्ही ग्वारीघाटाला पोचलो, आणि सबंध वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत राहिले. हिंदीत जुळवत होते. आकडे, कुलूप, वीस मिनिटं, काउंटरवरची सात माणसं. प्रत्येक वेळी वाक्य ॲपपाशी येऊन थांबायचं आणि मला स्वतःचाच संताप यायचा. सिग्नलला ती मागे वळून म्हणाली, ताई, जास्त बोलू नका तिथं.

म्हातारी पायऱ्यांच्या वरच्या बाजूला बसली होती. पुढ्यात पानांचे दोने, त्यात झेंडूची फुलं आणि वातींचे दिवे. कपाळावरची पट्टी निघाली होती, टाक्यांची खूण ओली दिसत होती. सॅम्पलवालीला पाहून तिने जागा करून दिली आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हीच का. हो म्हटल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी हात जोडले आणि जुळवलेलं सगळं विसरले. चूक माझी होती, एवढंच म्हटलं.

ती दोन्यात फुलं ठेवत राहिली. गिऱ्हाईक आलं, त्याला तिने दोना दिला, काडीपेटी दिली, वारा आहे तर दिवा आडोशाला धरा म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

“एक फोन कर देतीं बिटिया. मैं रोटी खा लेती.”

तिचा नंबर माझ्या वहीत होता. त्याच ओळीच्या शेवटी, स्वच्छ अक्षरात, फुली मारायची जागा सोडून लिहिलेला.